आडवा शॉकअप

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर कल्याण कॅम्पातल्या लष्कराच्या जुन्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. पुढे त्याच कॅम्पाचं उल्हासनगर झालं. तिथल्या एका सिंधी शेठनं त्यातली एक जीप घेतली आणि बदलापूर गावापासून डोंगराकडच्या पाड्यांपर्यंत माणसं अन् भाजी वाहायला लावली. मी तेव्हा अंबरनाथच्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. ती जीप माझ्याच हाताखाली असे.

तिला एक खोड होती. जरा वेग घेतला आणि चाक खड्ड्यातून गेलं, की स्टिअरिंग हातात थडथड उडायचं. कारण मला माहीत होतं. पुढची चाकं ज्या खिळ्यांवर वळतात, त्या किंगपिनचे बेअरिंग झिजले होते. ते उघडायचे म्हणजे गाडी दोन दिवस उभी, आणि शेठला गाडी उभी नको होती. मलाही माझी अक्कल दाखवायची हौस होती. मोडीतल्या ट्रकचा एक शॉकअप, म्हणजे धक्के जिरवणारी तेलाची नळी, काढून मी आडवा बसवला. एक टोक चॅसीला, दुसरं चाकं जोडणाऱ्या दांड्याला. थडथड बंद झाली.

"शांत झालं," मी ड्रायव्हरला म्हणालो.

आम्हा मिस्त्री लोकांत शांत म्हणजे आवाज बंद, एवढंच. ड्रायव्हरनं ऐकलं की दुखणं बरं झालं. त्याची समजूत मला दिसली होती, मी ती दुरुस्त केली नाही.

हा ड्रायव्हर वरच्या पाड्यावरचा ठाकर. लढाईच्या दिवसांत कॅम्पात हमाली करता करता गाडी शिकलेला. पाड्यावर चाक धरणारा तो एकटाच होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

दोन महिन्यांनी भर सकाळी उतारावर त्याची जीप सरळ भाताच्या खाचरात गेली. कुणाला लागलं नाही, पण भाजीच्या पाट्या चिखलात गेल्या. बदलापूरच्या स्टँडवर शेठनं सगळ्यांदेखत त्याला सुनावलं, "सुबह सुबह पीके आया! जंगली!"

"मी पिलो नव्हतो, शेठ. चाकच वळंना!"

"चाक को दारू पिलायी क्या?"

लोक हसले. त्याची नोकरी गेली.

गाडी ओढून माझ्याकडे आणली. चाक उघडलं तर बेअरिंगचा चुरा झालेला, आणि त्यातली एक गोळी अशी अडकलेली की चाक वळणं शक्यच नव्हतं. आधीची थडथड हीच सूचना देत होती. मी तिचं तोंड बांधलं होतं. मी चुरा पुसला, नवे बेअरिंग घातले आणि गप्प बसलो. आज पन्नाशीतही सगळ्यांत जास्त लाज वाटते ती त्या पुसण्याची.

तीन आठवड्यांनी तो ड्रायव्हर मला स्टेशनाजवळ दिसला, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. त्यानं मला हाक मारली नाही. त्याच दुपारी मी उल्हासनगरला शेठच्या दारात गेलो.

"सांई, तो पिला नव्हता. चूक माझी होती."

शेठनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मेरेको काय सांगतो? शराबी मैंने सबके सामने बोला. तू पण सबके सामने बोल. मैं भी आता हूँ."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला पाड्यावरून बोलावून घेतलं आणि मी स्टँडवर उभा राहून बोललो. एकही गोष्ट गाळली नाही. एक भाजीवाली ओरडली, "म्हंजे मिस्तरीच पिला व्हता म्हणा की!" पुन्हा लोक हसले. मी त्यांना हसू दिलं. शेठनं खिशातून किल्ली काढून ड्रायव्हरपुढे धरली.

त्यानं ती घेतली नाही. "आधी ती नळी काढ, मिस्तरी."

"आता बेअरिंग नवे आहेत. नळी राहिली तर फायदाच आहे."

"काढ. गाडीला दुखलं तं मना कळाया हवं."

मी तिथंच धुळीत आडवा होऊन शॉकअप उतरवला. मग त्यानं किल्ली घेतली.

माझ्या शब्दावर मात्र त्यानं पुन्हा कधी विश्वास ठेवला नाही. दर सोमवारी गाडी आणायचा. जॅक लावून चाक वर-खाली हलवायचा, आणि हाताला ढील लागली नाही तरच सेल्फ मारून गाडी चालू करायचा. मी शेजारी उकिडवा बसून त्याचं होईपर्यंत थांबायचो. कधी घाई केली नाही.