आधी आईला विचारून बघू

सर्व्हेच्या प्रश्नावल्या तयार करणं हे माझं काम. प्रश्नावली बाहेर धाडण्याआधी ती चार माणसांवर करून बघायची असते. प्रश्न कळतात का, कुठे अडतं, कुठे माणूस वैतागून उठून जातो, ते तेव्हाच समजतं. ऑफिसात याला पायलट म्हणतात. माझा पायलट कायम घाटकोपरच्या आमच्या चाळीत व्हायचा आणि पहिला नंबर आईचा. "आधी मला विचार, मग जगाला छळ," असं म्हणत ती पदराला हात पुसून बसायची.

पायलटचा एक साधा नियम असतो. ज्याला विचारायचं त्याला एकटं गाठायचं, शेजारी कोणी नको. आमच्या चाळीत हा नियम पाळायचा म्हणजे विनोदच होता. सगळ्यांची दारं सकाळी उघडायची ती रात्री झोपतानाच लागायची. मी आईला पहिला प्रश्न विचारला की शेजारच्या काकू तांदळाचं ताट घेऊन उंबऱ्यात हजर. काकू मालवणच्या, आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या माणसानेही उत्तर द्यावं. प्रश्न आईला आणि उत्तर काकूंचं, ही पद्धत ठरलेलीच होती. मी चिडायचे. "काकू, तुमचा नंबर नंतर आहे," म्हणायचे. काकू म्हणायच्या, "मग मी काय तोंड शिवून बसू?" आणि तिथेच बसायच्या.

एकदा जेवणाखाण्याचा सर्व्हे होता. ‘गेल्या आठवड्यात घरात मासे किती वेळा झाले?’ असा प्रश्न मी मोठ्या तोऱ्यात विचारला. आई म्हणाली, एकदाही नाही. काकू म्हणाल्या, एकदाही नाही. त्यांच्या पलीकडच्या वहिनी, त्याही तेच. माशांशिवाय ज्यांचा घास उतरत नाही अशी ही माणसं, आणि माझ्या कागदावर सगळी गॅलरी शाकाहारी! मी चक्रावले. काकू पोट धरून हसल्या. "अगं, श्रावणात विचारतेस! गटारीच्या आठवड्यात आली असतीस तर तुझा कागद पुरला नसता." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आमच्या यांचं मात्र वेगळं लिही हां. हे रोज दुपारी बाहेर खानावळीत सुरमई हाणतात. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही." त्यांचा हा खाली आणलेला आवाज पार जिन्यापर्यंत गेला. काका आतून खोकले. वहिनींच्या हातातली वाटी हसून हसून सांडली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, सर्व्हे महिनाभर पुढे ढकला. साहेबांनी विचारलं, हे कुठून काढलंस? पायलटमधून, म्हटलं. त्या पायलटमध्ये एकही बाई कधी एकटी सापडली नव्हती, हे सांगितलं नाही.

मग चाळ पाडली. सगळे इकडेतिकडे भाड्याने राहिले आणि टॉवर उभा राहिल्यावर परत आले. माणसं तीच, घरं मात्र चिठ्ठ्या टाकून वाटली गेली. आई चौथ्या मजल्यावर, काकू अकराव्या. घर झकास, स्वयंपाकघरात ऊन येतं, संडास घरात. आईने ज्याची आयुष्यभर वाट बघितली ते सगळं मिळालं, आणि आई गप्प होत गेली. बाबा नव्हतेच, मी लग्न होऊन बोरिवलीला. फोनवर विचारलं की म्हणायची, बरं आहे, मला काय धाड भरलीय. काकू भेटतात का, म्हटलं की म्हणायची, "फोन करून जावं लागतं गं आता. फोन करून जायला ती काय परकी आहे?" त्यामुळे ती जातच नसे. माझा जीव त्यातच अडकलेला असायचा.

गेल्या वर्षी एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवरचं काम आलं. सवयीने प्रश्नावली घेऊन आईकडे गेले. दार लावलेलं, घरात आम्ही दोघीच. आईने प्रश्नांची उत्तरं सरळ, नीट, एका दमात दिली. मध्ये कोणी बोललं नाही, कोणी खोकलं नाही. इतका शिस्तीत झालेला पायलट मी कधी पाहिला नव्हता आणि मला तो अजिबात आवडला नाही.

शेवटाकडे प्रश्न होता, ‘अचानक बरं वाटेनासं झालं तर आधी कोणाला बोलवाल?’ आई थांबली. मी पेन टेकवून तयार होते. माझंच नाव येणार, दुसरं कोणाचं? "आधी भिंतीवर लाटणं आपटायचे," ती म्हणाली. "आता भिंतीपलीकडे कोण आहे ते मला माहीत नाही." आणि मग, "हा प्रश्न राहू दे."

मी कागद गोळा केले आणि म्हटलं, "चल, काकूंचा फॉर्म राहिलाय." काकू मुलासोबत राहायच्या, म्हणजे या सर्व्हेत बसतच नव्हत्या; तरी फोन न करताच आम्ही वर गेलो.

काकूंनी दार उघडलं, आईकडे बघितलं आणि आधी शिव्याच दिल्या. इतके दिवस मेली होतीस का, वगैरे. मग चहा झाला. मी प्रश्न विचारत गेले आणि या वेळी मध्येमध्ये आई बोलत होती. औषधं वेळेवर घेता का? आई म्हणाली, "ही? गोळ्या उशीखाली लपवेल." मी तिला गप्प केलं नाही. मग तोच प्रश्न आला. बरं वाटेनासं झालं तर आधी कोणाला बोलवाल? काकूंचा मुलगा शेजारच्याच खोलीत होता. काकूंनी मान वरसुद्धा केली नाही. आईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिकाच. आणखी कोणाक हाक मारतलंय?"

परत खाली येताना लिफ्टमध्ये आईने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "माझा तो प्रश्न राहिलाय ना? तिथे तिचं नाव लिही."

खोटं कशाला सांगू, मला क्षणभर लागलं. पण इतकं हायसंही कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. फॉर्म भिंतीला टेकवून मी लिफ्टमध्येच काकूंचं नाव लिहिलं.