सर्व्हरला कुणाची आई ठाऊक नसते

सोमवार-गुरुवार सोडले तर मी वर्सोव्याच्या बाजारात मालनकडूनच मासळी घेते. तिच्या शेजारी सोनूबाई बसते. सोनूबाईची मुलगी कल्पिता साकीनाक्याच्या एका कंपनीत वेबसाइटचं आतलं काम लिहिते आणि रविवारी आईसोबत कोळंबी सोलते. बाजारातल्या नऊजणींसाठी तिनं एक वेबसाइट केली. बायकांनी ताजी मासळी फोनवर नोंदवायची, गिऱ्हाइकानं घरबसल्या सांगून ठेवायचं.

पहिल्याच आठवड्यात मालनच्या पापलेटांची गिऱ्हाइकं सोनूबाईपुढे येऊन उभी राहिली.

"पोरीनं आईचं भलं केलं," मालन म्हणाली. "बाकीच्या आम्ही येड्या."

चाळीस वर्षं एका फळीवर बसलेल्या दोघी. सोनूबाई त्या दिवशी जेवली नाही.

कल्पितानं चूक शोधली. नऊजणींत फोन एकच, हातोहात फिरणारा.

"मावशी," ती मालनला म्हणाली, "सर्व्हरला, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या मशीनला, काही म्हणजे काही आठवत नाही. म्हणून एकदा ओळख पटली की तो फोनमधल्या ब्राउझरकडे एक चिठ्ठी देतो. तिला कुकी म्हणतात. तिच्यावर नाव नसतं, नुसता लांबलचक आकडा. ब्राउझर दर वेळी ती दाखवतो, सर्व्हर आपल्या वहीत आकडा शोधतो. मी चिठ्ठी महिनाभराची ठेवलेली. आईनं सकाळी फोन उघडला, की पुढे तो कुणाच्याही हातात असो, सर्व्हरला ती आईच. म्हणून तुमची पापलेटं आईच्या नावावर चढली."

मी ऐकतच राहिले. पुन्हापुन्हा सगळं विसरणारा, आणि एवढ्याशा आकड्यावर अख्खं माणूस ओळखणारा.

तिनं ते बदललं. आता मासळी नोंदवून झाली की सर्व्हर तो आकडा वहीतून खोडतो. पुढचीनं पडद्यावरचा आपला फोटो दाबायचा, आपले चार गुप्त आकडे टाकायचे.

"आणि तुझ्या आईनं जुनी चिठ्ठी जपून ठेवली असंल तर?" मालननं विचारलं.

कल्पितानं लॅपटॉपवरून सोनूबाईची खोडलेली चिठ्ठी जशीच्या तशी पाठवली. पडद्यावर आलं, 'आपण कोण?'

देवळाच्या रांगेतसुद्धा ओळखीचा माणूस मधेच घुसतो. इथे लिहिणारीच्या आईलाही वाट नाही.

"हिनंच लिहिलं, आणि हिच्याच आयशीला विचारतंय," मालन हळू म्हणाली.

तिनं ओला हात लुगड्याला पुसला, आपला फोटो दाबला, चार आकडे टाकले. पापलेटं तिच्या नावावर चढली. तिनं फोन शेजारी सरकवला.

"घे गो सोनू. तुझी कोळंबी टाक."