चष्म्याचा नंबर का हलतो

“ह्यो बी चष्मा खोटा हाय,” हिरूबाईंनी चष्मा काउंटरवर आपटला. महिन्याभरात दुसऱ्यांदा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पनवेलच्या एका चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासायचो. हिरूबाई करंजाच्या, पस्तिशीतल्या, बंदरावर मासळीच्या लिलावात बसणाऱ्या. लांबून येणारी बोट कुणाची, हे त्यांना ओळखू येईना.

शेठ म्हणाले, “भांडण नको. नव्या काचा टाकून दे.”

मी काचा मशीनवर तपासल्या. नंबर बरोबर. डोळे पुन्हा तपासले, तर डोळ्यांचाच नंबर बदललेला, लांबचा मायनस नंबर वाढलेला. या वयात तो इतक्या लवकर हलत नाही. रक्तातली साखर वाढली की डोळ्याच्या आतल्या भिंगावर परिणाम होतो आणि नंबर सरकतो, एवढं मी शिकलो होतो.

“शेठ, काचा बदलल्या तरी बाई परत येतील,” म्हटलं, आणि हिरूबाईंना विचारलं, “तुम्हाला शुगर आहे का?”

“नाय. धाकटी पोटात व्हती तवा व्हती. बालंत झाले नि गेली.”

शेजारच्या बिल्डिंगमध्ये डॉक्टर बाई बसायच्या. मीच घेऊन गेलो. रिपोर्ट आला, साखर बरीच वाढलेली.

हिरूबाई म्हणाल्या, “माज्या आयचा पाय कापला व्हता या शुगरनं.”

डॉक्टर बाईंनी खुर्ची जवळ ओढली. “तुमचं काही चुकलं नाही. गरोदरपणातली शुगर बाळंतपणानंतर बहुतेक उतरते. पण अशा बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची भीती इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. म्हणून बरं वाटलं तरी तपासत राहायचं. कुणी सांगितलं नव्हतं?”

“सांगितला असंल. पोर रडत व्हती.”



गोळ्या आणि पथ्य सुरू झालं. साखर उतरू लागली तसा नंबर उलटा सरकला. आता जवळचं धूसर दिसे, सुईत दोरा जाईना. हिरूबाईंनी मला चांगलंच सुनावलं. मी काचा बदलल्या नाहीत, थांबा म्हटलं. काही आठवड्यांनी नंबर स्थिरावला, आणि लांबचं बघायला त्यांना चष्माच लागेना. शेठचं गिऱ्हाईक गेलं. मधुमेह मात्र राहिला, आटोक्यात.

पुढे त्यांच्या भावजयीला गरोदरपणात शुगर निघाली. बाळंतपणानंतर हिरूबाईंनी तिला दर वर्षी तपासायला आणलं, कुरकुर करत असली तरी.

तेव्हापासून एखाद्या बाईचा नंबर भराभर बदलला, की मी काचेआधी बाळंतपणाची चौकशी करतो. चष्म्याच्या दुकानात हा प्रश्न ऐकून बायका दचकतात. दचकू देत.