मामांचा मालवणी गेम

एकदाचा अपवाद सोडला, तर माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू 'बिघडली' असं मान्य केलेलं नाही. त्यांच्या मते वस्तू रुसते. मिक्सर रुसतो, इस्त्री रुसते, भिंतीवरचं घड्याळ रुसतं, आणि रुसलेल्याला टाकून द्यायचं नसतं, शेजारी बसून विचारायचं असतं. मरोळच्या एका कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढल्यामुळे हे विचारणं ते स्क्रू ड्रायव्हरने करतात. तो कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो, इतरांचं पेन असतं तिथे, अगदी लग्नाकार्यातसुद्धा. माझ्या लग्नाची बोलणी करायला ही मंडळी आमच्या मुलुंडच्या घरी आली तेव्हा आमचा पंखा कुरकुरत होता. पोहे बाहेर यायच्या आत मामा स्टुलावर. खाली मानपानाचं बोलणं चाललेलं आणि वर मामा पाती उतरवताहेत. शेवटी माझ्या वडिलांनी मान वर करून विचारलं, "मग मामा, तुमचं काय म्हणणं?" मामा वरूनच म्हणाले, "बेरिंग चांगला हा. करून टाका." ते पंख्याबद्दल बोलत होते की माझ्याबद्दल, हे आम्हाला अजून कळलेलं नाही, पण लग्न ठरलं.

घाटकोपरला भटवाडीत त्यांची दोन खोल्यांची जागा आहे. कुठल्याही वस्तूबरोबर आलेलं माहितीपत्रक तिथे न वाचता थेट कपाटाच्या हलणाऱ्या पायाखाली जातं. "म्हायती वाचून काय व्हता? वस्तूक काय व्हया ता तीच सांगता," असं त्यांचं म्हणणं. मामी होत्या तोवर या घरात आणखी एक रिवाज होता. मामा बाहेरून आले की उंबऱ्यात चपला काढता काढता हाक मारायचे, "खय गेलंस गो?" आता दोन खोल्यांत माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? मामी चार पावलांवर ओट्याशी असायच्या, बहुतेक वेळा दारातून दिसायच्यासुद्धा. तरी त्या तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायच्या, "हय!" मालवणीत हय म्हणजे इथे. एवढं झालं की मग मामा आत यायचे. मी एकदा मामींना विचारलं, समोर दिसताय तर उत्तर कशाला देता? त्या म्हणाल्या, "नाय दिला तर ते उंबऱ्यातच उभे रवतले." मामी तीन वर्षांपूर्वी गेल्या, आणि मामा हाक न मारता घरात येऊ लागले. स्वयंपाकाची भांडी फडताळात गेली, जेवण म्हणजे चहा आणि बिस्किटं. माझी बायको डबे पाठवायची, ते धुऊन परत यायचे, पण आतलं खाल्लं कोणी ते विचारायची आमची हिंमत नव्हती.

गेल्या वर्षी कांजूरमार्गच्या एका भंगारवाल्याकडे मामांना हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम सापडला. जांभळा, साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा, पाठीत एक कॅसेट अडकलेली. सेल आतच फुटून त्यांचं पांढरं पीठ झालं होतं. मामांनी ते लिंबाने साफ केलं, बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून सेलसाठी नव्या पट्ट्या बसवल्या, कॅसेटचे दात खोडरबराने घासले आणि नवे सेल घातले. आतून एका जपानी कार्टून मालिकेवरचा गेम निघाला. (कॉलेज सांभाळून जपानी शिकणारी माझी मुलगी म्हणते, कार्टून नाही बाबा, ॲनिमे. तर ॲनिमे.) फोनवर खेळणाऱ्या समस्त जनतेला इतकी वर्षं 'अंगठेबहाद्दर' म्हणत आलेल्या मामांनी दुसऱ्याच दिवशी मला फोन केला, "जावयबापू, येवा. मालवणी गेम गावलो हा."

मी गेलो. त्या गेमच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून मामा खिडकीत पाट टाकून बसले होते. पडद्यावर कंदील घेतलेला एक लाल टोपीवाला पोरगा आणि त्याच्या मागे पाठीवर टोपली घेतलेली मुलगी अशी जोडी चालली होती. वाटेत नदी, देऊळ, भाताची शेतं. "दोघां गणपतीक गावाक चालली हत," मामांनी खुलासा केला, "टोपलीत सामान हा." मधेच शिंगं असलेला एक राक्षस आडवा आला. त्याचं नाव मामांनी 'फोरमन' ठेवलं होतं, त्यामागे मरोळचा काही इतिहास असावा. खाली जपानी अक्षरांच्या ओळी येत, त्या मामा भराभर पुढे ढकलत. "म्हायती हा. वाचूची नाय." मी म्हटलं, "मामा, हे जपानी आहे." "आसात. पण चेडू आमच्या थयची हा. आयका." चेडू म्हणजे ती टोपलीवाली मुलगी, ती जरा मागे रेंगाळली होती. मामांनी कडेचं बटण दाबलं, तसा पोरगा वळून उभा राहिला आणि पडद्याबाहेरून कुठून तरी आवाज आला, "हाय!" मुलगी टोपली सावरत धावत आली. मामांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "आयकलात? हय!"

मी खूप हसलो. मग त्यांचा खेळ बघत बसलो आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की दर वेळी बटण दाबण्याआधी त्यांचे ओठ हलतात. कान देऊन ऐकलं. ते पुटपुटत होते, "खय गेलंस गो?" त्यानंतर मला हसता आलं नाही.

चार महिन्यांत मामा तिसऱ्या गावाच्या पुढे गेले नाहीत. फोरमन त्यांना रोज हरवायचा आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. पण भांडी फडताळातून बाहेर आली. एकदा मी गेलो तर चक्क बांगड्याच्या कढीचा वास आला, आणि माझ्या बायकोने घरी आल्यावर ते तीनदा माझ्याकडून वदवून घेतलं. अशात मामांनी फर्मान काढलं की जपानी शिकणाऱ्या नातीला घेऊन या, तिला गेम दाखवायचा आहे. मी तिला घेऊन गेलो. 'हय'ची गोष्ट तिला आधी सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही. ही चूक माझी.

मामांनी बटण दाबलं. हाय! "बघ, बाय, हय म्हणता." आमची कन्या उत्साहाने म्हणाली, "नाही हो मामाआजोबा, हाय म्हणजे हो! पहिल्याच धड्यात असतं ना ते."

"हो?"

"हो. येस."

मामांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, मग हसले. "मगे ही ती न्हय. तुझ्या आजयेन चाळीस वर्सांत माका पयल्या हाकेक हो म्हटल्यान नाय." आम्ही सगळे हसलो. हसता हसता मामांनी गेम बंद केला, सेल काढले, कागदात गुंडाळले आणि सगळं बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिलं. चालू वस्तूचे सेल काढताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढच्या आठवड्यात भांडी पुन्हा फडताळात गेलेली दिसली. मी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय मामा, गेम रुसला की काय?" पलीकडून उत्तर आलं, "नाय. बिघडलो." तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला जे वाटलं ते मी घरात सांगितलं, आणि मग मामींची सगळी गोष्टही मुलीला सांगितली. ती आतल्या खोलीत जाऊन रडली असावी, डोळ्यांवरून तसं वाटलं.

चार दिवसांनी ती क्लासवरून आली ती पाठीवरची सॅक न काढताच. मामांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. "मामाआजोबा, सॉरी. मी अर्धंच सांगितलं तुम्हाला. आज बाई हजेरी घेत होत्या ना, तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्या नाव घेतात आणि आम्ही काय म्हणतो माहितीये? हाय! तिथे ते हो नसतं. तिथे म्हणजे हजर. मी इथे आहे."

मामांनी सावकाश विचारलं, "म्हणजे हाक मारल्यार?"

"हाक मारली की हायच म्हणतात."

"मगे हय."

"हो, मामाआजोबा. हयच."

त्यांनी फोन बंद न करता कुठेतरी ठेवला. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग कागद सोडल्याचा, मग त्या गेमची ती किरकिरी सुरुवातीची धून. आम्ही तिघं स्वयंपाकघरात फोनभोवती उभे होतो. पलीकडे मामांची पावलं दाराकडे गेली, त्यांच्याबरोबर ती धूनही. बहुधा उंबऱ्यापर्यंत. आणि तिथून, तीन वर्षांत पहिल्यांदा, पुटपुटत नव्हे तर चांगल्या खणखणीत आवाजात हाक आली, "खय गेलंस गो?"

उत्तर आलेलं आम्ही ऐकलं. मामा आत आले. मग माझ्या बायकोने डोळे पुसून हळूच फोन बंद केला.