दोन वर्षांच्या पोरांसाठी काँप्युटर

गुरुवारी सकाळी माझं डोकं असं फिरलं की घरातले सगळे गपचूप आपापल्या कामाला लागले.

आमच्या शहरात एक छोटासा ट्रस्ट आहे. तरुणांची मंडळं, बाहेरून कामाला आलेले मजूर, समाजसेवा, नाटक-गाणं... अशांना दरवर्षी थोडीथोडी मदत देतो. मी त्याच्या निवड समितीत आहे, म्हणजे फुकटात अर्ज वाचायचे आणि वर सगळ्यांची बोलणी खायची.

चार वाजता मीटिंग होती. सकाळी चहा घेऊन अर्ज वाचायला बसले. पहिला अर्ज : 'तळागाळातील होतकरू तरुणांना संगणक साक्षर करून स्वावलंबी बनवणे.' बरं. दुसरा लेझीम पथकाचा... त्यातही तेच वाक्य! पथनाट्यवाल्या पोरांच्या अर्जातसुद्धा तळागाळातील होतकरू तरुण आणि संगणक. अरे, नाटक कुठंय तुमचं?

आणि मग आला चितेगावच्या कांताबाईंचा अर्ज. या बाई पैठण रोडवर, कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बिहार-ओडिशाच्या बायकांची लहान मुलं दिवसभर सांभाळतात. मुलांची वयं एक ते चार. मागणी काय? दोन संगणक!

मी हात टेकले. ज्यांना अजून नाक पुसता येत नाही ती पोरं की-बोर्ड बडवणार? अर्ज सरळ बाजूला टाकणार होते, पण आधी झापायचं ठरवलं. फोन लावला तर उचलेनात. मग काय, काढली स्कुटी आणि निघाले भर उन्हात. अर्ध्या वाटेत स्वतःलाच शिव्या घातल्या, पण आता मागं फिरायचं तरी कसं...

कांताबाईंच्या दोन खोल्या अगदी रस्त्याला लागून. दारात उभी राहिले आणि झापायचं तोंडातच राहिलं.

खिडकीच्या गजाला एक जुनी साडी बांधलेली होती. साडीचं दुसरं टोक एका दोन वर्षांच्या पोराच्या कमरेला. पोरगं साडी ताणून दाराकडं जायला बघत होतं आणि रडत होतं.

"अहो, हे काय? पोराला बांधता?" मी जवळजवळ ओरडलेच. तेवढ्यात मागून एक ट्रक गेला... इतक्या जवळून की माझी ओढणी उडाली.

कांताबाई शांतपणे म्हणाल्या, "जयभीम, मॅडम. आत या आधी. बाकीची बसत्यात वं एका जागी, ह्यो लई पळतो. परवा पार रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत गेल्ता. माझा जीवच गेला वो."

त्यांना काय हवं होतं माहितीये? एक लोखंडी गेट. आणि दारापुढच्या ओट्याभोवती कंबरभर उंच जाळी. बस्स.

मग हे लिहिलं का नाही, बाई? तर म्हणाल्या, "पोरं बांधून ठिवती म्हणलं असतं लोकांनी. बंदच केलं असतं माझं. मंग ह्यांच्या आया कामाला कशा जातील? आन् नेट कॅफेवाला बोलला, ह्यो नमुना पास व्हतो. ग्रुपवर आलेला हाय."

कुठला ग्रुप, म्हणून मी त्यांचा मोबाइल घेतला. नमुना उघडला...

तो मी लिहिला होता! तीन वर्षांपूर्वी, लोकांना अर्ज लिहिणं सोपं जावं म्हणून, एका संगणक वर्गाचं उदाहरण घेऊन. मोठ्या हौसेनं ट्रस्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, आणि त्यातलं वाक्य कधीच विसरले होते. खाली स्वतःच लिहिलं होतं, 'यात फक्त नाव बदला.' लोकांनी अगदी तेवढंच केलं. सकाळपासून ज्या वाक्याला मी शिव्या घालत होते, ते माझंच अपत्य!

तिथंच फरशीवर बसून नवा अर्ज लिहिला. उद्दिष्टाच्या रकान्यात त्यांनी सांगितलं तेच लिहिलं : 'पोरं रस्त्यावर जाऊ नयेत.' साडीचं मीटिंगमध्ये सांगू का, हेही विचारलं. त्यांनी पोराच्या कमरेची गाठ जरा सैल केली. मग म्हणाल्या, "सांगा. पन माझ्याकडची पोरं जाऊ देऊ नका."

मीटिंगमध्ये पुन्हा डोकेदुखी. गेट खर्चाच्या कुठल्या हेडखाली बसवायचं? तरुणांत नाही, कलेत तर नाहीच, आणि मजूर-समाजसेवेच्या हेडांत बांधकामाला पैसे नाहीत. एका सदस्यांना काळजी, की कार्यक्रमाच्या फोटोत गेट कसं दिसेल. एक जण म्हणाले, त्यापेक्षा संगणकच देऊ या, मागितलेत तर! मी मग साडीचं सांगितलं, ट्रकचंही सांगितलं... आवाज जरा चढलाच माझा. अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "हेड नंतर बघू. गेट बसवून घ्या."

लेझीमवाल्यांना आणि नाटकवाल्यांना परत बोलावलंय. या वेळी कागद नका आणू म्हटलं, नाचून दाखवा, करून दाखवा. तो नमुना ग्रुपवरून काढून टाकला आणि सगळ्यांची माफी मागितली. चार अंगठे आले, बाकी सामसूम.

काल चितेगावला गेट आणि जाळी बसली. मी मुद्दाम गेले होते. कांताबाईंनी पोराची गाठ सोडली, तसं ते सुसाट पळालं, गेटला जाऊन धडकलं, आणि दोन्ही हातांनी जाळी हलवत असं भोकाड पसरलं की बाहेरचे लोक थांबून बघायला लागले.

कांताबाई हसत होत्या. म्हणाल्या, "रड बाबा, रड. लई झ्याक रडतोय."

मला मात्र तिथं उभं राहवेना. त्याचा शर्ट वर सरकला होता, आणि कमरेवर साडीचा वळ तसाच होता... तीन वर्षं मी लोकांना अर्ज कसा लिहायचा ते शिकवत होते. काय हवंय तुम्हाला, हे एकदाही विचारलं नव्हतं. कांताबाई, मला घरात घेतलंत, खरं सांगितलंत... खूप उपकार झाले.