रशियन छातीचा कामगार

“छाती वाढवू?” तसबिरीसाठी आलेला माणूस समोर नीट बसायच्या आधीच आमच्या शेजारचे पेंटरसाहेब विचारत, आणि एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून त्याला मापत.

संस्थानच्या काळात हा प्रश्न अंमलदारांसाठी होता. इंदूरच्या जुन्या दिवाणखान्यांत तुम्हीही त्या तसबिरी पाहिल्या असतील. जन्मभर नुसते आलेले अर्ज पुढे पाठवणारी माणसं त्यांत छाती काढून, तलवारीवर हात ठेवून उभी आहेत. मग संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, आणि अंमलदारांचा रुबाब व पेंटरसाहेबांचं काम एकदमच आटलं. तेव्हा मिलच्या युनियनने त्यांना बोलावलं.

युनियनकडे रशियाची सचित्र मासिकं येत. त्यांतली चित्रं मोठी करून मिलच्या गणपतीच्या झाँकीसाठी, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यासाठी, रंगवायची. मजकूर इंग्रजी, तो वाचून सांगायला शाळामास्तर म्हणून मी. पोलादाचे कारखाने, हसरे मजूर, एकेकाचा जबडा ऐरणीसारखा. तिथला धूरसुद्धा ताठ मानेने वर जायचा. आमच्या मिलचा धूर वाळत घातलेल्या धोतरांवर उतरायचा.

“भिया, हे लोक खातात तरी काय?” पेंटरसाहेबांनी मला विचारलं.

“ते माहीत नाही. चित्र काढणाऱ्याला मात्र वेळेवर मिळत असावं,” मी म्हणालो.

त्या अनंत चतुर्दशीला गणपतीच्या मागे रशियन धरण उभं राहिलं. गणपतीने हरकत घेतली नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच मिलमध्ये कताईखात्यात होता. कापसाची धूळ आणि खोकला घेऊनच घरी यायचा. बापाने रंगवलेल्या मजुराकडे बघून म्हणाला, “बाबा, याला आमच्या खात्यात टाका. सालभरात माझ्यासारखा होऊन जाईल.” आम्ही हसलो. विनोद चांगला होता.

पुढच्या गणपतीआधी तो गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तसबिरी काढणाऱ्याच्या घरातलं कोण फोटोवाल्याकडे जातं?

युनियनचे सेक्रेटरी आले. “पेंटरसाहेब, यंदा झाँकीत तुमचा मुलगाच राहील. बस, जरा तगडा दिसला पाहिजे.”

“नाही,” ते म्हणाले. “होता तसाच. त्याच्या आईला बघायचाय.”

शाळेतून येताना मी रोज त्यांच्याकडे डोकावायचो. कधी चित्रातला जबडा रुंद झालेला असे, कधी खांदे. ते पुसत, पुन्हा काढत. पुन्हा कुणी धडधाकट परका उगवे.

“गाल बसले होते ना त्याचे? कोणता जास्त?”

मी उजवा म्हणालो. खात्री नव्हती.

शेवटी त्यांनी वहिनींना, मुलाच्या आईला, हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या आणि चित्राच्या अगदी जवळ गेल्या.

“छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “कोण आहे हा?”

“युनियनचा माणूस,” ते म्हणाले, आणि ब्रश धुवायला उठले.