भावजींची केळ

बनशंकरीतल्या माझ्या नर्सरीत पंचवीस वर्षं गुलाब नि क्रोटन वाढवले, म्हणून झाडांतलं मला सगळं कळतं असा माझा तोरा होता. तो एका केळीनं उतरवला.

बसवनगुडीत अक्काच्या परसात भावजींनी लावलेली केळ होती. आंबटगोड, पातळ सालीची तशी केळी मला बाजारात कधी मिळाली नाहीत. भावजी गेले आणि तिच्या दिरांनी परसात गाड्यांसाठी काँक्रीट घालायचं ठरवलं. अक्का मला एवढंच म्हणाली, "काँक्रीट ना, सरी, बरं, घालू देत. पण ह्यांची केळ तेवढी तू जगव." मी हो म्हटलं. कुणाला काही विचारायला मला कमीपणा वाटला.

खणायला गेले ती आयुधपूजेच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. बुंध्याभोवती दोन तऱ्हांचे मुनवे, म्हणजे कंदातून फुटलेली केळीची पिल्लं, होते. काही किडकिडीत, पात्यासारख्या अरुंद पानांचे. बाकीचे बुटके, पण रुंद, हिरवीगार पानं असलेले. गुबगुबीत पोराला भुलावं तशी मी त्यांना भुलले. ते कंदासकट पिशव्यांत लावले, आणि किडकिडीत ते कोयत्यानं छाटून टेम्पोला नि फाटकाला बांधले. इथे पूजेला गाडीला केळ बांधतातच, मग विकत कशाला आणायची? चार दिवसांत परस सपाट झालं.

शेणखत आणणारा बेळगावकडचा म्हातारा पिशव्यांपाशी थबकला. "बाई, जोर त्या अरुंद पानांच्यात असतो. त्यांचा कंद मोठा. हे नुसते पानांनी फुगलेत." मी त्याच्यावर खेकसले. पण नवं पान काही फुटेना, आणि एकेक मुनवा सडत गेला.

अक्का दर सोमवारी यायची. "स्वल्प वेळ लागेल," मी सांगायची. शेवटचा उपटून टाकला त्या दिवशी मी टिश्यू कल्चरचं, प्रयोगशाळेत वाढवलेलं एक विकतचं रोप आणून त्याच पिशवीत लावलं. मग ते नर्सरीच्या कोपऱ्यात जमिनीत गेलं. आठवड्याला एक पान टाकतं. अक्का पानांवरून हात फिरवते नि म्हणते, "ह्यांचा हातगुण गं." मला माझीच शिसारी येते.

त्या केळ्यांची चव तिला पाठ आहे. बुंधा माझ्या कमरेला लागलाय. जन्मभर रोपं वाढवून पोट भरलेली मी, रोज पाणी घालते आणि याला घड धरू नये म्हणून देवाला विनवते.